पावणेपाचची सभा

आमची सभा पहाटे पावणेपाचला भरते,
कारण पाणी तेव्हा येतं.
एरवी उत्तमनगरच्या या गल्लीतली अठ्ठावीस घरं
एका वेळी जागी नसतात :
कुणी अंबडला तिसऱ्या पाळीवर,
कुणी मार्केट यार्डात,
कुणी नुसतंच रुसून आत.

बसायला द्राक्षांचे रिकामे क्रेट.
इतिवृत्त वीजबिलाच्या पाठीवर,
मग दुपारी निर्मला काकुळते ते वहीत उतरवते.
तिला सचिव कुणी नेमलं नाही.
तिच्याकडे घड्याळ होतं आणि चीड होती,
तेवढं पुरलं.

कोपऱ्यावर व्हॉल्व्हशेजारी
महापालिकेने एक राखाडी पेटी बसवली आहे.
ती दाब मोजते म्हणे.
तिकडे थंडगार खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर
आमची गल्ली म्हणजे एक हिरवा ठिपका.
रौंदळमामींचा हंडा कोरडा असला
तरी हिरवा.
तक्रार केली की संध्याकाळी मेसेज येतो,
'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'
हा शब्द आता आम्ही घरोघर वापरतो.
भाजी करपली? निकाली.
पोराचं गणित राहिलं? निकाली.

वहीत मात्र असं असतं :
४ मार्च. ४.४७ ते ५.३१. शेवटच्या चार घरांना करंगळीएवढी धार.
९ मार्च. आलंच नाही. व्हॉल्व्हवाले धात्रक यांच्या आईचं दहावं.
१२ मार्च. गढूळ. फरीदाने सगळ्यांना तुरटी दिली.
१७ मार्च. दाब नाही. कुणीतरी मोटर लावली.

ती मोटर माझी होती.

त्या पहाटे मी गंगापूर धरणाच्या टक्केवारीवर बोललो,
स्मार्ट रस्त्याच्या खर्चावर तर
फारच चांगलं बोललो.
सगळे ऐकत होते, क्रेटच्या जाळीत बोटं घालून.
मग फरीदा एवढंच म्हणाली,
"भाऊ, तुमच्या मोरीतून घरघर येते."

दंड नाही झाला.
महिनाभर बॅटरी धरून व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं
आणि सगळ्यांच्या मागून भरायचं.
मागून भरणं म्हणजे काय,
ते सत्तावीस घरं मोजल्यावर कळतं.

आम्ही काही देवमाणसं नाही.
भाडेकरूंना मत असावं का,
यावर तीन पहाटा भांडलो.
धर्मा पगारे बारा वर्षं भाड्याने राहतो.
म्हणाला, "खोली भाड्याची आहे, हंडा माझा आहे."
ठराव झाला.
दोन घरं अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

परवा महापालिकेचा एक पोरगेला साहेब आला,
अंगात स्वेटर, हातात टॅब, डोळ्यांत झोप.
पेटी जानेवारीपासून बंद आहे म्हणाला.
"तुमच्याकडे नोंदी आहेत असं कळलं.
अध्यक्ष कोण?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
बॅटरी माझ्या हातात होती,
म्हणून त्याने नमस्कार मला केला.
"मी नव्हे," मी म्हणालो, "मी शिक्षेवर आहे."

त्याला वही न्यायची होती.
निर्मला म्हणाली, "वही जाणार नाही. बसा आणि उतरवून घ्या."
तो क्रेटवर बसला. मी उजेड धरला.
सतरा मार्चला त्याचं बोट थांबलं.
"ही मोटर कुणाची?"

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
माझ्या हातातला उजेड तेवढा हलला.
"ते आमचं आम्ही बघितलं,"
निर्मला म्हणाली. "पान उलटा."

तेवढ्यात नळ खोकला.
सगळे उठले, आणि त्या गडबडीत
रौंदळमामींनी साहेबाच्या हातात हंडा दिला.
त्याने तो तिरका धरला,
पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

दुपारी वहीत ओळ चढली :
२ एप्रिल. ४.५२ ते ५.४०. धार बरी.
एक माणूस जादा.